कालियाचा चेहरा

१/ मुंबईपासून डहाणू-तलासरीपर्यंत कुठेही विचारा, ‘शोले’मधला (१९७५) कालिया सर्वांना ठाऊक असतो. विजू खोटे हे नाव मात्र अनेकांना सांगावे लागते.

२/ विठ्ठल ऊर्फ विजू यांचा जन्म १९४१ चा. मूकपटांतील नट नंदू खोटे हे वडील, शुभा खोटे बहीण, तर दुर्गा खोटे काकू. घराणे नामांकित, विजूंच्या वाट्याला मात्र बहुधा छोट्या भूमिका आल्या.

३/ रामगढमध्ये धान्य मागायला आलेला कालिया उद्दाम आहे. तोच पुढे गब्बरसमोर भयाने गारठतो. गब्बर पडद्यावर येतो तो याच प्रसंगात. त्याची दहशत आपल्याला प्रथम दिसते ती कालियाच्या चेहऱ्यावर. रिकामे घर लागून जीव वाचल्यावरचे त्याचे हसू, आणि पाठोपाठ मरण.

४/ पुढे ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आणि ‘अंदाज अपना अपना’मधला (१९९४) रॉबर्ट. ३० सप्टेंबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही बातम्यांनी त्यांची ओळख करून दिली ती ‘कालिया’ म्हणूनच.

५/ चित्रपटाचा इतिहास नायक-खलनायकांच्या नावांनी लिहिला जातो. पण समोरचा माणूस खरोखर घाबरला नसता, तर गब्बर एवढा मोठा झाला असता का?