दोन चुली

धरणगाव आता स्वतंत्र तालुका आहे, पण माझ्या आजोबांच्या तोंडी ते शेवटपर्यंत एरंडोल तालुक्यातलंच राहिलं. ते प्राथमिक शिक्षक. बालकवींचं नाव निघालं की म्हणायचे, "ठोंबऱ्यांचा त्र्यंबक. आपल्या तालुक्याचा पोरगा." 1890 साली धरणगावात जन्मलेला हा मुलगा 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात उभा राहिला. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथेच त्याला 'बालकवी' हे नाव मिळालं आणि तिथेच रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा त्याच्यावर जीव जडला. पुढे हा ब्राह्मणाचा मुलगा अहमदनगरला त्या ख्रिस्ती झालेल्या टिळकांच्या घरी जाऊन राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं.

आजोबा इथे थांबायचे. "त्या घरात राहिला, पण ख्रिस्ती झाला नाही. आणि तरी त्या घरानं त्याला परकं मानलं नाही." एवढं बोलून अडकित्त्यात सुपारी धरायचे. मला तेव्हा वाटायचं, यात एवढं काय आहे?

आमच्या गावात, एरंडोलला, दोन धर्मांच्या या प्रश्नापासून कुणी लांब राहू शकत नाही. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, असं जुनी माणसं सांगत आली. पांडव जिथे राहिले तो पांडववाडा, आणि गावातली जुम्मा मशीद तीही तीच वास्तू. 2023 साली तिचा वाद जिल्हाधिकारी कार्यालयातून उच्च न्यायालयात गेला. तो निकाल न्यायालयाचा, मी त्यात पडत नाही. गावाबाहेर पद्मालयाला कमळांच्या तळ्याकाठी गणपतीच्या दोन मूर्ती एकाच गाभाऱ्यात आहेत, एकीची सोंड उजवी, दुसरीची डावी. इंग्रजी अमदानीत एरंडोलचं नाव होतं ते इथल्या जाडसर देशी कागदासाठी. त्या कागदावर काय लिहिलं जाईल, देवाचं की हिशेबाचं, हे तो करणाऱ्याला कुठे ठाऊक असायचं?

आजोबांनी आजीला लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवलं ते पावसाळ्यात. शेतीची कामं पावसानं खोळंबली की दुपारी माजघरात पुस्तक उघडायचं. आजी शेंगा फोडत ऐकायची. टिळकांना आगगाडीच्या डब्यात भेटलेला गोरा माणूस, त्यानं हातात दिलेला नवा करार, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल हे त्याचं बोलणं, इथपर्यंत तिचे हात चालू होते. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, तिथे हात थांबले. पदरात लहान मूल, सवाष्ण असून नवऱ्यापासून तुटलेली बाई. पुढची काही वर्षं त्यांनी पंढरपुरात आणि नातलगांच्या आधारानं काढली. नंतर नवऱ्याजवळ आल्या तरी स्वतःचं सोवळं त्यांनी सोडलं नाही. नवरा तोच, संसार तोच, आणि चूल मात्र वेगळी.

आजी म्हणाली, "आमनी काकूनं बी असंच व्हतं."

मग ती गोष्ट आली. आजीच्या माहेरी एक काकू होती. तिचा मुलगा तापानं फणफणला तेव्हा तिनं पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलला आणि शेजारणीच्या सांगण्यावरून एका पिराच्या दर्ग्यालाही बोलला. मुलगा वाचला. दोन्ही नवस फेडले, इथवर कुणाची काही हरकत नव्हती. खानदेशात पिराला नवस बोलणारी हिंदू घरं तेव्हाही होती, आजही आहेत. पण काकू नवस फेडून थांबली नाही. दर गुरुवारी ती दर्ग्यात जाऊन बसू लागली. मागायला काही उरलं नव्हतं. तिथे बसलं की आतली गडबड शांत होते, एवढंच ती सांगायची. चतुर्थीलाही ती तितक्याच मनानं पद्मालयाला जायची.

सासूनं तोंडानं काही म्हटलं नाही. गुरुवारी तिचं ताट वेगळं झालं. पाण्याचा तांब्या वेगळा झाला. तिकडे शेजारीण एकदा प्रेमानंच बोलून गेली, इतकं येतेस तर आमच्यातच ये की पुरती. काकू त्या रात्री रडली. दर्ग्यात ती ज्याच्याजवळ बसायची त्यानं तिला कधी असं विचारलं नव्हतं. आजीनं तिला विचारलं होतं, तुझं मन नेमकं कुठे आहे गं? काकू म्हणाली होती, "देव एकच शे, घरं दोन शेतस."

त्या वयात मला हे वाक्य गोड वाटलं होतं. आता ते चटका लावून जातं. कॉलेजात असताना शुभवर्तमान वाचून मीही हललो होतो. येशूचं डोंगरावरचं प्रवचन रात्री उशाशी घेऊन झोपायचो आणि सकाळी आईनं देवघरातला तीर्थाचा चमचा पुढे केला की तिच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही. देवानं मला धाकात धरलं होतं असं मला कधी वाटलं नाही. धाक होता आईचा. तिला वाटलं असतं की तिनं दिलेलं मी नको म्हणतोय, आणि ते खरं नव्हतं. दोन धर्मांच्या मधे सापडलेल्या माणसाची ओढाताण मला तेव्हापासून अशी दिसते: प्रार्थनेत तो पुष्कळदा एकसंधच असतो. तो फाटतो पंगतीत.

टिळकांनी हे जवळून पाहिलं होतं. आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. आपल्या भजनांतून त्यांनी वारकऱ्यांची चाल देवळातून चर्चमध्ये नेली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही ख्रिस्तभक्त बसू शकत होते. मला वाटतं, त्र्यंबक ठोंबऱ्यानं त्यांच्या घरात असंच एक आसन आधीच मिळवलं होतं. 5 मे 1918 ला भादलीजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. वर्षभरानं, 9 मे 1919 ला, टिळकही गेले.

लक्ष्मीबाईंचं मन पालटलं ते कुणाच्या उपदेशानं नव्हे. एकटीनं विचार करत बसल्या असताना त्यांना दिसलं की देवानं स्त्री आणि पुरुष केले, जाती माणसांनी केल्या. त्यानंतर कुणाच्याही हातचं त्या खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा 1900 मध्ये, म्हणजे त्याच्याही नंतर. आजोबांनी हे वाचलं तेव्हा आजीनं फोडलेल्या शेंगांचं सूप बाजूला सारलं. म्हणाली, पहिल्यांदा पाणी प्याली, मग धर्म घेतला. काकूच्या सासूला हे कुणी वाचून दाखवायला हवं होतं.

आजोबांनी पुस्तक मिटलं नाही. टिळकांनी येशूचं चरित्र ओव्यांत लिहायला घेतलं होतं, 'ख्रिस्तायन', जेमतेम अकरा अध्याय होऊन ते राहिलं, हे त्यांनी आजीला सांगितलं. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. "ज्या देवापायी नवरा तुटला, त्याची पोथी बाईनं पुरी केली?" आजीनं विचारलं. आजोबा हो म्हणाले. ओवीतच का, असंही तिनं विचारलं. तेही हो म्हणाले. मग ती म्हणाली, ती पोथी मिळाली तर आणा, ऐकायची आहे.