सेरेब्रल पाल्सी : दोष कुणाचा?

मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे असं कळलं की "बाळंतपणात काय चुकलं?" हा प्रश्न घरात हमखास निघतो आणि बोट आईकडे वळतं. हा समज जुना आहे. १८६१ मध्ये लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी मुलांच्या ताठर हातापायांचा संबंध अवघड किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी जोडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (होय, तेच मनोविश्लेषणवाले!) वेगळी शंका मांडली : बिघाड गर्भातच झाला असेल आणि अवघड बाळंतपण हे त्याचंच लक्षण असेल तर? पुढच्या संशोधनानेही दाखवलं, की बहुतेक मुलांत जन्मावेळी गुदमरणं हे कारण नसतं. म्हणून आईला दोष देऊ नका. मूल आज काय करू शकतं ते डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि फिजिओथेरपी लवकर सुरू करा.