शिंपल्यात लपलेलं लाल शेवाळ

आजचा विषय सुचला वसईच्या पाचूबंदरला. जूनचे दिवस, मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, बोंबलाच्या वलांड्या रिकाम्या. पायाखाली शिंपल्या. आपण त्यांना कचरा म्हणतो. पण एका लाल शेवाळाचं अर्धं आयुष्य शिंपल्यातच जातं, आणि हे कळायला १९४९ साल उजाडावं लागलं!

शेवाळाचं नाव पोर्फायरा. कागदासारखं पातळ, जांभळट. आपल्याकडे ते रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळांवर पावसाळ्यात दिसतं. पाऊस सरला की गायब.

जपानमध्ये याच्याच भाऊबंदांपासून नोरी बनते. सुशीभोवती गुंडाळलेला तो काळपट कागद, तोच. तिथले कोळी शेकडो वर्षं उथळ समुद्रात बांबू रोवून नोरी पिकवत होते. पण उन्हाळ्यात ती जाते कुठे, बी येतं कुठून, कुणालाच माहीत नव्हतं. सगळा हवाला नशिबावर. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक बुडालं, तेव्हा करायचं काय हेही कळेना.

उत्तर निघालं इंग्लंडमध्ये. कॅथलीन ड्र्यू-बेकर मँचेस्टर विद्यापीठात शिकवायच्या. १९२८ मध्ये लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बायकांना तिथे नोकरी नव्हती. तरी त्यांनी बिनपगारी संशोधन चालूच ठेवलं. पोर्फायराचे बीजाणू त्यांनी शिंपल्यांसोबत पाण्यात ठेवले. बीजाणू शिंपल्यात शिरले आणि आत गुलाबी धागे वाढले. या धाग्यांना १८९२ पासून 'कॉन्कोसेलिस' असं वेगळं नाव होतं, वेगळी जात म्हणून! आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर एकाच युजरची दोन अकाउंट.

१९४९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचं छोटंसं टिपण आलं. ते वाचून जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांमध्ये बी वाढवायचं तंत्र बसवलं आणि नोरीची शेती नशिबाच्या हातून सुटली. कॅथलीन जपानला कधीच गेल्या नाहीत. १९५७ मध्ये त्या वारल्या. १९६३ मध्ये नोरीवाल्यांनी कुमामोतोजवळच्या उतो इथे त्यांचं स्मारक उभारलं. तिथे दरवर्षी १४ एप्रिलला त्यांची आठवण काढतात.

आता परत पाचूबंदर. १ जून ते ३१ जुलै बोटी का थांबतात? या दिवसांत बऱ्याच माशांची वीण होते. ती आपल्याला दिसत नाही, पण पुढचा हंगाम तिच्यावरच उभा असतो. जपानला हे शेवाळाबाबत उशिरा कळलं. आपल्या कोळीवाड्यांना हे मुळातच ठाऊक आहे, म्हणून तर नारळी पौर्णिमेपर्यंत धीर धरायची रीत.

पुढच्या वेळी किनाऱ्यावर शिंपली दिसली, तर उचलून एकदा नीट बघा. भेटूच!