शुश्रूषा-शिक्षण आणि रोजगारदाते : मुंबई–पुण्यातील सहकार्याचा ऐतिहासिक मागोवा

व्यवसाय शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनी उद्योगक्षेत्राशी सामंजस्य करार करावेत, हा आग्रह गेल्या दोन दशकांत इतक्या व्यासपीठांवरून मांडला गेला आहे की ही कल्पनाच नवी असावी असा समज होतो. शुश्रूषेच्या क्षेत्रापुरता तरी हा समज टिकत नाही. शिक्षणसंस्था, रुग्णालये आणि व्यापारी भांडवल यांचे सहकार्य मुंबई–पुण्यात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे. प्रस्तुत लेखात या सहकार्याचे काही टप्पे तपासले आहेत. ‘उद्योग’ या संज्ञेत येथे रुग्णालय चालविणारे शासन, धर्मादाय विश्वस्त, गिरणीमालक आणि खासगी रुग्णालये या सर्व रोजगारदात्यांचा समावेश केला आहे; कारण शुश्रूषेत शिकविणारा आणि कामाला लावणारा यांच्यातील सीमारेषा प्रारंभापासूनच पुसट राहिली. या सहकार्यातून मनुष्यबळ तयार झाले, याबद्दल दुमत नाही. तयार झालेल्या त्या स्त्रीचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहकार्य करणाऱ्यांपैकी कोणी स्वतःचा मानला, हे पाहणे येथे अधिक महत्त्वाचे वाटते.

देणग्या आणि उमेदवारी

मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्यामागे पेस्तनजी होरमसजी कामा यांची देणगी होती. स्त्रियांवर उपचार करण्यासाठी इंग्लंडहून स्त्री-डॉक्टर आणण्याकरिता जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी निधी उभारला होता. या प्रयत्नांतून आलेल्या डॉ. एडिथ पेची यांनी कामा रुग्णालयात परिचारिकांच्या प्रशिक्षणास आरंभ केला. व्यापाऱ्यांचा पैसा, रुग्णालयाची जागा आणि त्याच जागेत भरणारा वर्ग, ही रचना येथे स्पष्ट दिसते. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी आल्या, अशी नोंद परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून आढळते. सहसा ही नोंद एका ओळीची असते. त्यांनी किती वर्षे काम केले, त्यांना वेतन काय मिळाले, हे जाणून घेण्याची गरज पाठ्यपुस्तककारांना भासलेली दिसत नाही.

या काळातील प्रशिक्षण म्हणजे वस्तुतः उमेदवारी होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झालेल्या शाळेने जो नमुना घालून दिला, त्यात शिकणारी मुलगी वॉर्डात काम करीत करीत शिके. मोबदल्यात तिला निवास, भोजन आणि अल्प विद्यावेतन मिळे. हिंदुस्थानात हीच पद्धत रुजली. रुग्णालयाच्या दृष्टीने तिचा हिशेब सोपा होता. शिकाऊ परिचारिका ही विद्यार्थिनीही होती आणि खाटांच्या संख्येप्रमाणे लागणारे मनुष्यबळही. तिची रात्रपाळी हा अभ्यासक्रमाचा भाग मानायचा की रुग्णालयाची गरज, याचा निवाडा करणारी तिसरी व्यक्ती त्या व्यवस्थेत नव्हती.

सेवासदन : वसतिगृहाची कामगिरी

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने मुंबईचे सेवासदन १९०८ मध्ये आणि रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांतून पुण्याचे सेवासदन १९०९ मध्ये उभे राहिले. पुण्याच्या सेवासदनाचा येथे विशेष विचार करावयास हवा, कारण रुग्णालयाबाहेरील एका शिक्षणसंस्थेने शुश्रूषेच्या प्रशिक्षणात केलेली ही लक्षणीय भागीदारी होती. प्रत्यक्ष शिक्षण ससून रुग्णालयात होई. हे रुग्णालयही डेव्हिड ससून या व्यापाऱ्याच्या देणगीतून उभे राहिलेले. मग सेवासदनाचा वाटा कोणता? संस्थेने चालविलेल्या वसतिगृहांत एक शिकाऊ परिचारिकांचे आणि एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींचे होते. या भागीदारीचे मर्म वसतिगृहातच आहे.

शुश्रूषेकडे पाहण्याची तत्कालीन उच्चवर्णीय समाजाची दृष्टी लक्षात घेतल्याशिवाय हे कळणार नाही. परक्याच्या देहाला स्पर्श, मलमूत्र व रक्त यांची हाताळणी, परपुरुषांचा वावर आणि रात्रपाळी, या चारही गोष्टी घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबास अमान्य होत्या. सुईणीचे काम परंपरेने ज्या जातींकडे होते, त्यांच्याशी या व्यवसायाची सांगड घातली जाई. त्यामुळे प्रारंभीच्या शिकाऊ परिचारिकांत ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. विधवा वा परित्यक्ता मुलीला तिच्या घरच्यांनी रुग्णालयात पाठवावे, तर ती रात्री कोठे परतते याची हमी कोणीतरी द्यावयास हवी होती. रमाबाईंच्या नावाने ती हमी मिळाली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर रुग्णालयाला लागणाऱ्या श्रमशक्तीची सामाजिक किंमत शिक्षणसंस्थेने उचलली. या कामगिरीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. किती तरी स्त्रियांना स्वतःच्या कमाईचा मार्ग त्यामुळे प्रथमच खुला झाला. तथापि प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या या कार्यात ‘सेवा’ या शब्दावर जो भर पडला, त्याने वेतनाचा प्रश्न दीर्घकाळ संकोचाचा करून ठेवला, असे माझे मत आहे. सेवेचा मोबदला मागायचा कसा, हा पेच परिचारिकांच्या पुढील पिढ्यांनाही सुटला नाही.

समित्यांचे आकडे

परिचारिकांच्या स्थितीची राष्ट्रीय पातळीवरील ठळक चौकशी १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने केली. समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक. १९७१ पर्यंत ५०० लोकांमागे एक परिचारिका असावी आणि त्यासाठी ७,४०,००० परिचारिका लागतील, असा अंदाज समितीने मांडला. त्यानंतर १९५४ च्या शेट्टी समितीने सेवाशर्ती व वेतन यांचा विचार केला. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली १९८७ मध्ये नेमलेल्या उच्चाधिकार समितीनेही त्याच विषयांकडे पुन्हा वळावे, ही बाब पुरेशी बोलकी आहे. चौकशी शासकीय समित्यांनी केली, तीही दशकांच्या अंतराने. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी आपल्याच विद्यार्थिनींविषयी अशी सलग चौकशी करण्याची परंपरा निर्माण केली नाही.

कलम ४८ आणि कलम ४९

याच काळात मुंबईत एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ नागपाड्यात सुरू झाले. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी. १९४४ मध्ये या संस्थेला ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले. १९४० पासून संस्थेने समाजकार्यविषयक नियतकालिक चालविले, म्हणजे प्रशिक्षणासोबत संशोधनाचीही सोय झाली. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. उद्योगाचे भांडवल, व्यावसायिक शिक्षण आणि संशोधन यांचा संगम येथे घडलेला दिसतो.

मात्र हा संगम कोणाच्या वाट्याला आला? १९४८ च्या कारखाने कायद्यातील दोन लगतची कलमे या दृष्टीने ताडून पाहण्यासारखी आहेत. कलम ४८ अन्वये ५० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक झाले (पुढे ही संख्या ३० करण्यात आली) आणि ते बालसंगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असावे, असे म्हटले होते. कलम ४९ अन्वये ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे आवश्यक ठरले. दोन्ही ठिकाणी प्रशिक्षित व्यक्तीची अपेक्षा होती. परंतु कल्याण अधिकाऱ्याची कर्तव्ये, पात्रता आणि सेवाशर्ती विहित करण्याचा अधिकार राज्य शासनाला कलम ४९ मध्येच दिला होता. कलम ४८ मधील नियम करण्याचा अधिकार खोलीची जागा, बांधकाम, मुलांचे कपडे धुण्याची सोय, दूध व अल्पोपाहार यांविषयी होता. तेथे काम करणाऱ्या बाईच्या सेवाशर्तींचा उल्लेखही नव्हता. दुधाची तरतूद झाली, दूध पाजणारीची झाली नाही.

परिणाम अपेक्षितच होता. कल्याण अधिकाऱ्यासाठी पदवी, पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि संशोधन यांची साखळी उभी राहिली. पाळणाघरातील बाई ‘आया’च राहिली.

व्यवसाय अभ्यासक्रमांचा काळ

गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीने ज्याला स्थैर्य आले त्या महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये परिचर्या महाविद्यालय आणि १९७४ मध्ये स्त्रियांविषयीचे संशोधन केंद्र सुरू केले. शुश्रूषेचे शिक्षण आणि स्त्रीश्रमाचे संशोधन एकाच विद्यापीठाच्या छताखाली आले. विद्याशाखांच्या भिंती मात्र आपल्या सर्वच विद्यापीठांत पक्क्या असतात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर उच्च माध्यमिक स्तरावर किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आले. त्यांत बालके, वृद्ध व रुग्ण यांच्या सेवेचाही विषय होता. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने व्यवसाय शिक्षणातील पदवीची योजना आणली. प्रत्येक वेळी रोजगारदात्याकडील प्रत्यक्ष कामाचे तास अभ्यासक्रमात धरले गेले. रचना शंभर वर्षांपूर्वीच्या उमेदवारीचीच होती. फरक इतकाच की निवासाची सोय बहुधा गेली आणि शुल्क आले.

दरम्यान शहरांतील मागणीचे केंद्र रुग्णालयातून घराकडे सरकले. २०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. मुले परगावी वा परदेशी असलेल्या पुण्या-मुंबईच्या घरांत ‘बारा तासांची बाई’ ब्यूरोमार्फत येते. ती डायपर बदलते, औषधे देते, नळीवाटे अन्न भरविते आणि तिच्या रोजातून ब्यूरोचा हिस्सा वळता होतो. ती कोणत्या वर्गात शिकली, हे घरमालक विचारत नाही. बहुतेकदा ती एखाद्या खासगी रुग्णालयात मावशी म्हणून राहून पाहून शिकलेली असते.

जर्मन करार आणि आपली दप्तरे

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला. परिचारिकांपासून वाहनचालकांपर्यंत सुमारे १०,००० व्यक्तींचा उल्लेख त्यासंदर्भात झाला. या कराराच्या दुसऱ्या बाजूची व्यवस्था कशी आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. तेथील १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या परिचर्या व्यवसाय कायद्यानुसार शिकणाऱ्याचा प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेशी लेखी करार होतो, त्याला प्रशिक्षण-वेतन मिळते आणि त्याच्याकडून शिक्षणशुल्क घेता येत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे बॉन येथील संघीय व्यवसाय शिक्षण संस्थेकडे या शिक्षणासंबंधीचे संशोधन कायद्यानेच सोपविले आहे. तेथेही परिचारिकांची टंचाई आहेच, अन्यथा हा करार झाला नसता. पण टंचाई का आहे, शिकाऊ मध्येच का सोडून जातात, हे विचारणे तेथे कोणाचे तरी नेमून दिलेले काम आहे.

आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची हजेरीपत्रके, रुग्णालयांशी झालेला पत्रव्यवहार, विद्यावेतनाच्या पावत्या आणि विद्यार्थिनींची कार्यपुस्तके ही सामग्री व्यवसाय अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे साठते. तपासणीपुरती ती जपली जाते आणि पुढे रद्दीत जाते. कोणत्या रुग्णालयाने किती मुली किती तास, कोणत्या पाळीला राबविल्या, त्यांपैकी किती जणींना तेथेच नोकरी मिळाली आणि पाच वर्षांनी किती जणी या व्यवसायात उरल्या, या चार प्रश्नांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे या कागदांतच आहेत. उरलेल्या दोहोंसाठी माजी विद्यार्थिनींच्या घरी जावे लागेल. गृहविज्ञान, अर्थशास्त्र आणि इतिहास या तीन विभागांनी मिळून हे काम एका तालुक्यापुरते जरी हाती घेतले, तरी पुढील सामंजस्य करारावर स्वाक्षरी करताना विद्यावेतनाची आणि पाळीच्या तासांची कलमे कोणत्या आधारावर मागायची, हे प्राचार्यांना सांगता येईल.