मळवलीचा छापखाना आणि माझ्या प्रपोजलमधली चूक

पीएचडीचं प्रपोजल लिहायला बसलेल्यांपैकी अनेकांचे मेसेज येतात की "विषय मिळालाय, पण प्रश्न सापडत नाही." आज त्यावरच लिहितोय, पण जरा लांबून. माझा स्वतःचा प्रश्न मला सापडला तो शंभर वर्षांहून जुन्या एका छापखान्यामुळे, आणि तोही एक चूक केल्यानंतर.

आधी चूक सांगतो. मी एमएस्सी स्टॅटिस्टिक्सचा माणूस. संशोधनाचा विषय असा: ऑनलाइन विक्रीत चित्र, रंग, मांडणी यांनी खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर तो मोजायचा कसा? माझी काकू कामशेतजवळच्या एका बचत गटात आहे. गट इंद्रायणी तांदूळ विकतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला हा वाण आता मावळची ओळखच झालाय. गटाच्या पाकिटावर हिरवा, जरा भडक स्टिकर होता, भाताची लोंबी आणि एक बैल. मला तो गावठी वाटला. मी नवं, स्वच्छ, पांढरं पाकीट डिझाइन केलं, वेबपेज बदललं, आणि दोन महिन्यांत ऑर्डर जवळजवळ दुप्पट झाल्या. मी हे प्रपोजलमध्ये 'प्राथमिक पुरावा' म्हणून टाकलं आणि खूश झालो.

गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "पाकीट कधी बदललंस?"

"नोव्हेंबर अखेरीस."

"आणि नवा तांदूळ बाजारात कधी येतो?"

मी गप्प. कापणी, मळणी झाली की नव्या इंद्रायणीची वाट बघणारी गिऱ्हाइकं दरवर्षी याच सुमाराला ऑर्डर देतात. ती पाकिटामुळे आली की हंगामामुळे, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "चित्राने माल विकला जातो हे म्हणणं जुनं आहे. ते कुठून आलं, ते आधी वाचून ये." वाचायला लागलो आणि थेट मळवलीला पोचलो.

लोणावळा लोकलने पुण्याहून जाताना कामशेतच्या पुढचं स्टेशन मळवली. कार्ला-भाजे लेण्यांसाठी आपण तिथे उतरतो. राजा रवि वर्मांचा शिळाछाप छापखाना इथेच होता, हे मला मावळात वाढूनही नीट माहीत नव्हतं (शाळेच्या सहली भाज्याला गेल्या, छापखान्याचं नाव कोणी काढलं नाही). छापखाना आधी मुंबईत, १८९४ मध्ये सुरू झाला. १८९६ पासून मुंबईत प्लेग होता, त्याचा फटका धंद्याला बसला, आणि शतक संपता संपता छापखाना रेल्वेलाइनवरच्या मळवलीला हलला.

इथे तंत्र थोडं समजून घ्या, कारण पैशाचा हिशोब त्यातच दडलाय. शिळाछापाचं तत्त्व सोपं आहे: तेल आणि पाणी मिसळत नाही. खास चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फक्त तेलकट भागालाच धरते. रंगीत चित्राला मात्र प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो, आणि तोच कागद एकेका दगडाखालून अचूक त्याच जागी बसवून काढावा लागतो. एक केस इकडेतिकडे झाला तर सरस्वतीचे ओठ गालावर जातात. म्हणजे पहिली प्रत प्रचंड महाग, आणि पुढची प्रत्येक प्रत स्वस्त. असा धंदा जगतो तो खपाच्या आकड्यावर.

आता खरी गंमत बघा. रवि वर्मांच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या, देवघरात बसल्या. लोकप्रियतेत कमी काहीच नव्हतं. तरीही छापखाना कर्जात गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. श्लायशरने देवादिकांची चित्रं छापणं चालू ठेवलं, पण त्याबरोबर व्यापारी कामं घेतली: मालावरची लेबलं, जाहिराती, कॅलेंडरं. यानंतर मळवलीचा छापखाना कित्येक दशकं चालला.

चित्र तेच, दगड तेच, धंदा मात्र वेगळा. "लोकांना आवडलं" आणि "विक्री झाली, पैसे सुटले" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या भाषेत पहिली म्हणजे लाइक्स. दुसरीच्या जवळ जाणारा आकडा म्हणजे कन्व्हर्जन, पेजवर आलेल्या शंभरातल्या किती जणांनी शेवटी ऑर्डर दिली. तुमच्या प्रपोजलमध्ये या दोन्हींसाठी 'परिणामकारकता' असा एकच शब्द असेल तर आत्ताच खोडा.

मग लेबल करत काय होतं? मी धरून चाललो होतो की सुंदर चित्र बघून गिऱ्हाईक भुलायचं. पण त्या काळचा बाजार आठवा. मँचेस्टरच्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत लेबलं लावलेली यायची, त्यांवर देव, हत्ती, वाघ, राजे. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नव्हतं. ते चित्र सांगून माल मागायचे. 'मागच्या वेळी घेतलं तेच हे' ही खात्री चित्रातून मिळायची. म्हणून तर नकला व्हायच्या, आणि खोट्या व्यापारचिन्हांवर कारवाईसाठी सरकारला १८८९ मध्ये कायदा करावा लागला. माझ्या वाचनातून झालेलं मत असं की लेबलाचं मुख्य काम मन वळवणं नव्हतंच, ओळख पटवणं होतं. कॅलेंडरचं काम आणखी वेगळं. ते फुकट मिळायचं, आणि देवाचं चित्र कोणी टाकून देत नाही, त्यामुळे दुकानाचं नाव वर्षभर भिंतीवर राहायचं.

दादासाहेब फाळकेही याच परिसरात होते, हे जाता जाता सांगतो. 'राजा हरिश्चंद्र'च्या काही वर्षं आधी त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला होता आणि रवि वर्मा प्रेससाठी ते फोटो-लिथोचं काम करत. सिनेमाच्या इतिहासात याला एक ओळ मिळते. माझ्या मते एक प्रकरण मिळायला हवं, पण तो दुसऱ्या कोणाच्या थीसिसचा विषय.

इतिहासाच्या साधनांबद्दल एक सावधगिरी. १९७२ च्या आगीत मळवलीच्या छापखान्यातलं बरंच काही जळालं. आज आपल्याला दिसतात ती फ्रेम करून जपलेली चित्रं. तागा उघडल्यावर फाडून टाकलेली लेबलं कोण जपणार? उरलेल्या चित्रांवरून 'काय खपत होतं' ठरवणं म्हणजे पास झालेल्यांनाच विचारून पेपर सोपा होता म्हणणं. ऑनलाइन जगातही हेच होतं. डिझाइन बदलून विक्री वाढली त्या दुकानांच्याच कहाण्या लिहिल्या जातात.

मोजायचं कसं, याचं उत्तर छापील जाहिरातींनीच शोधलं. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स वेगवेगळ्या जाहिरातींत वेगवेगळी कुपनं छापून कुठली किती परत आली ते मोजायचा. १९२३ च्या त्याच्या पुस्तकात हे सगळं आहे. आजची ए/बी टेस्ट म्हणजे तेच, फक्त आलेल्या माणसाला जुनं पेज दाखवायचं की नवं, हे नाणेफेकीसारखं ठरतं. दोन्ही गट एकाच वेळी चालतात, म्हणून दिवाळी आणि नवा तांदूळ दोघांनाही सारखाच लागू होतो. माझ्या 'आधी-नंतर' तुलनेत नेमकं हेच नव्हतं.

पण इथे आकडेमोड आडवी येते. समजा आत्ता शंभरातले दोन जण ऑर्डर देतात आणि नव्या डिझाइनने तीन देतील अशी आशा आहे. नेहमीच्या पाच टक्के सार्थकता पातळीला आणि ऐंशी टक्के पॉवरला हा फरक पकडायचा तर प्रत्येक पेजला साधारण ३,८०० माणसं लागतात. दोन्ही मिळून ७,६००. दिवसाला चाळीस जण येणाऱ्या गटाला त्यासाठी सहा महिने लागतील. आणि मध्येच रोज निकाल बघून, जिंकताना दिसलं की थांबायचं, असं केलंत तर ती टेस्ट राहिली नाही. मोठ्या कंपन्यांचे केस स्टडी वाचून बचत गटाला सल्ला देणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा.

प्रपोजल पुन्हा लिहीत होतो तेव्हाच काकूचा फोन आला. "अरे, जुनी गिऱ्हाइकं विचारतायत, तांदूळ बदललाय का म्हणून. बैल कुठे गेला?"

हा प्रश्न माझ्या आकडेवारीत कुठेच नव्हता. मी नव्या ऑर्डरी मोजत होतो. जुन्यांपैकी परत कोण आलं, कोण ओळख न पटल्याने गेलं, हे पाहिलंच नव्हतं. आता माझा प्रश्न तोच आहे: ओळखीचं चिन्ह काढलं तर पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय होतं? गटाने पांढरं पाकीट ठेवलंय, पण बैल परत आणलाय, आधीच्याच हिरव्या रंगात. काकूने वहीत दर ऑर्डरपुढे 'नवीन' की 'जुनं' ते लिहायला सुरुवात केली आहे. पुढच्या कापणीपर्यंत ती वही भरेल.