चुंबकीय फितीवरील संगीतिका : ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या ध्वनिमुद्रिकेचे श्रवण

पाश्चात्त्य संगीतिकेचा, म्हणजे ऑपेराचा, इतिहास हा प्रामुख्याने नाट्यगृहाचा इतिहास होय. कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून, वाद्यवृंदाच्या नादावर मात करून प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा मानवी आवाज हा तिचा पाया आहे. उलटपक्षी, रॉक संगीत वाढले ते ध्वनिवर्धक आणि ध्वनिमुद्रण यांच्या आश्रयाने. या दोन परंपरांचा संगम झाला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्यांतून नेमके काय एकत्र आले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे. ‘क्वीन’ या ब्रिटिश वृंदाची २१ नोव्हेंबर १९७५ रोजी प्रसिद्ध झालेली ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ ही ध्वनिमुद्रिका या प्रश्नाच्या विचारास विशेष उपयुक्त आहे.

हिची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार उदयास आला. दीर्घ रचना, अभिजात संगीताचे घटक आणि संपूर्ण तबकडीची एकसंध कल्पना ही त्याची लक्षणे होत. या बदलामागे यंत्राचाही हात होता. बीटल्स वृंदाची १९६७ मधील ‘सार्जंट पेपर’ ही प्रसिद्ध तबकडी चार मार्गांच्या फितीवर मुद्रित झाली होती. १९७५ मध्ये क्वीनच्या हाती चोवीस मार्गांची फीत होती. एकाच गायकाचा आवाज पुनःपुन्हा मुद्रित करून एकावर एक रचणे आता सुलभ झाले होते.

तबकडीत एकंदर बारा रचना आहेत. पहिल्या बाजूवर जहाल रॉक, लोकगीताच्या धाटणीचे गाणे आणि जुन्या इंग्रजी रंगभूमीवरील विनोदी गीताची नक्कल अशा परस्परभिन्न गोष्टी शेजारी शेजारी येतात. त्यामुळे ही केवळ विविध प्रकारांची खिचडी आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि दुसरी बाजू क्रमाने ऐकली असता हा समज टिकत नाही.

त्या बाजूचा आरंभ ‘द प्रॉफेट्स साँग’ या आठ मिनिटांहून दीर्घ रचनेने होतो. तिच्या मध्यभागी वाद्ये थांबतात आणि फ्रेडी मर्क्युरी याचा आवाज फितीच्या साहाय्याने किंचित विलंबाने परत येऊन स्वतःशीच मिसळतो. एक गायक स्वतःच्याच पाठोपाठ गात जातो. पुढे ‘गुड कंपनी’ या गीतात ब्रायन मे याने वडिलांच्या साहाय्याने घरी बनविलेल्या गिटारीतून क्लॅरिनेट, ट्राँबोन इत्यादी वाद्यांचे आभास निर्माण करून एकट्याने जॅझचा सबंध ताफा उभा केला आहे. संश्लेषक यंत्राचा, म्हणजे सिंथेसायझरचा, वापर केलेला नाही, हे तबकडीच्या वेष्टनावर मुद्दाम नोंदविले आहे. ‘एकाचे अनेक होणे’ हेच या बाजूचे सूत्र आहे, आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ऐकू येते तोवर श्रोत्याचा कान या सूत्रास सरावलेला असतो.

ही रचना सहा मिनिटांस पाच सेकंद कमी इतक्या लांबीची आहे. तीत वारंवार परतणारे ध्रुवपद नाही. निर्वाद्य समूहगान, पियानोच्या साथीचे संथ गीत, गिटारवादन, संगीतिका, जहाल रॉक आणि शांत समारोप असे तिचे टप्पे आहेत. संगीतिकेचा भाग जेमतेम एका मिनिटाचा. परंतु त्यासाठी सुमारे तीन आठवडे खर्ची पडले. मधल्या पट्टीत मर्क्युरी, खर्जात मे आणि तारस्वरात रॉजर टेलर अशा तिघांच्याच कंठांतून तो समुदाय घडला आहे. मार्ग भरले की त्यांचे मिश्रण करून ते मोजक्या मार्गांवर उतरवावयाचे आणि पुन्हा नवे आवाज चढवावयाचे, ही पद्धत होती. आवाजांचे सुमारे १८० थर चढले, असे सांगितले जाते; हा आकडा काटेकोर मोजणीचा नसून आठवणीतला मानणे इष्ट. वारंवार फिरून फीत इतकी झिजली की तिच्यातून उजेड दिसू लागला, अशी आठवणही संबंधितांनी सांगितली आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. या भागास ‘ऑपेराचे गायन’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यात ऑपेरा-गायकाची कंठसाधना नाही. रॉक वृंदाने संगीतिकेकडून उचलला तो समुदायाचा संवाद : दोन पक्षांनी परस्परांना उत्तरे देणे, फिगारोसारख्या परिचित नावांचा उच्चार, भावनेची हेतुतः केलेली अतिशयोक्ती. तबकडीचे नावही मार्क्स बंधूंच्या, ऑपेराची थट्टा करणाऱ्या १९३५ च्या चित्रपटावरून घेतलेले आहे.

या भेदाचा पुरावा रंगमंचावर मिळतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात हा भाग येताच वृंद रंगमंचावरून निघून जाई आणि फीत वाजविली जाई. ज्या परंपरेत गायकाची उपस्थिती हेच सर्वस्व, तिचे नाव धारण करणारा भाग गायकांच्या अनुपस्थितीत सादर होत होता. म्हणजेच ही संगीतिका मूलतः श्रोत्याच्या कानापुरतीच अस्तित्वात होती.

दुसरा पुरावा १९८८ मधील ‘बार्सेलोना’ या ध्वनिमुद्रिकेत आहे. तीत मर्क्युरीसमवेत माँसेरात काबाये या स्पॅनिश सोप्रानो गायिका आहेत. त्यांचा आवाज भव्य वाटण्यासाठी थरांची गरज भासत नाही. दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकल्या असता उसना समुदाय आणि साधलेला कंठ यांतील अंतर कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होते.

मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, हा झांझिबार येथे १९४६ साली जन्मलेला पारशी. त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले व तेथेच तो सहाध्यायांच्या एका वृंदात पियानो वाजवीत असे. महाराष्ट्रातील वाचकास याचे अगत्य वाटणे साहजिक आहे. परंतु एवढ्यावरून या रचनेत भारतीय संगीताचा अंश शोधणे प्रमाणास सोडून होईल.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ब्रिटनमध्ये प्रथम नऊ आठवडे आणि मर्क्युरीच्या १९९१ मधील निधनानंतर पुन्हा पाच आठवडे अग्रस्थानी राहिली. तिच्या लोकप्रियतेमुळे ‘रॉकने ऑपेरा आत्मसात केला’ हे विधान रूढ झाले. श्रवणाचा पुरावा इतकेच सांगतो की, रॉकने ऑपेराचा आवाज घेतला नाही. त्या आवाजामागे असणारी गर्दी तीन माणसांतून निर्माण केली. ही गोष्ट वरील विधानाहून लहान असली, तरी तिची नवलाई कमी नाही.