माल आपला, जहाज कोणाचे?
श्रेष्ठी वालचंद हिराचंद आणि भारतीय नौकानयन

जैन कथावाङ्मयात समुद्रप्रवासाचे दाखले विपुल आहेत. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जाबालिपूर, म्हणजे आजचे जालोर, येथे पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात सोपारा बंदरातील व्यापाऱ्यांच्या मेळाव्याचे वर्णन येते. वस्त्रे घेऊन बर्बरकूलास गेलेला एक व्यापारी तेथून हस्तिदंत व मोती आणल्याचे सांगतो. सागर त्या काळच्या वणिकाला परका नव्हता. इंग्रजी अमदानीत मात्र माल हिंदी, व्यापारी हिंदी आणि जहाज विलायती, अशी अवस्था झाली.

या अवस्थेचे मर्म भाड्यात होते. विलायती कंपन्या व्यापाऱ्यास भाड्याचा काही भाग परत देत, परंतु तो लगेच नव्हे. ठरावीक मुदतीपर्यंत दुसऱ्या कोणाच्याही जहाजातून माल न पाठविल्यासच तो मिळे. एक खेप स्वदेशी बोटीने धाडली की साठलेली सूट बुडाली! शिवाय नवी हिंदी कंपनी उभी राहताच दर इतके उतरविले जात की तिचे भांडवल संपावे. तुतिकोरिन येथे १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी स्थापन केलेली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी अशाच स्पर्धेत आणि सरकारी दडपशाहीत लयास गेली.

या पार्श्वभूमीवर श्रेष्ठी वालचंद हिराचंद दोशी यांनी या क्षेत्रात पाऊल टाकले. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे जन्मलेले वालचंदजी हे ‘जैन बोधक’चे संस्थापक सेठ हिराचंद नेमचंद यांचे सुपुत्र. रेल्वेच्या कंत्राटांत नाव मिळविल्यावर १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्यासह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेण्यात आले. कंपनीचे नावही त्यावरूनच पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ने मुंबईहून लंडनकडे प्रस्थान ठेवले. १९६४ पासून हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

प्रस्थानाचा सोहळा थोर असला तरी खरी कसोटी पुढेच होती. ‘लॉयल्टी’ जुने जहाज होते. कोळशाचा खर्च अफाट होता आणि १९२३ मध्ये ते मोडीत निघाले. दरम्यान लॉर्ड इंचकेप यांच्या वर्चस्वाखालील ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडेयुद्ध आरंभिले. तोटा वाढत गेला आणि सिंदिया विकत घेण्याचा प्रस्ताव पुढे आला. भागधारकांची रक्कम सोडवून घेण्याची ती सोपी वाट होती. परंतु वालचंदजींनी विक्रीस ठाम विरोध केला. अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यान्वये सिंदियाला किनारी वाहतुकीपुरतेच थांबावे लागले आणि जहाजांच्या एकूण टनभारावरही मर्यादा आली. अटी जाचक होत्या, परंतु कंपनी हिंदी हातांत राहिली. पुढे जे घडले ते या एका निर्णयामुळेच शक्य झाले.

लढा मग कायदेमंडळात गेला. किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये मांडले. ते मंजूर झाले नाही, तरी प्रश्न देशापुढे आला. हिंदी तरुणांना जहाजावरील अधिकारी होण्याचे शिक्षण मिळावे म्हणून ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज १९२७ मध्ये मुंबईत सुरू झाले होते.

जहाजे विकत घेऊन भागणार नाही, ती येथे बांधली पाहिजेत, ही वालचंदजींची पुढची दृष्टी. विशाखापट्टणम येथील कारखान्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. एप्रिल १९४२ मध्ये त्या शहरावर जपानी बाँब पडले, काम खोळंबले. परंतु १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरली. १९५२ मध्ये सरकारने कारखान्यातील बहुसंख्य भाग घेतले व तो हिंदुस्थान शिपयार्ड झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदजींचे निधन झाले. त्यांची सिंदिया कंपनीही विसाव्या शतकाच्या अखेरीस व्यवसायातून अस्तंगत झाली; प्रश्न मात्र संपला नाही. आजही भारताचा बहुतांश परदेशी माल विदेशी जहाजांतून जातो आणि भाडे बाहेर जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती याच उणिवेपोटी.

येथे आणखी एका गोष्टीचा विवेक हवा. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या वाढवण बंदराला डहाणू परिसरातील मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला आहे. ज्यांची उपजीविका आणि असंख्य जीवांचे आश्रयस्थान त्या पाण्यात आहे, त्यांचा विचार विकासाच्या हिशेबात जमेस धरावाच लागेल. ‘कुवलयमाला’तील लोभदेव त्याच सोपाऱ्याहून रत्नद्वीपास जातो, अमाप संपत्ती मिळवितो आणि परतताना वाटणी टाळण्यासाठी आपल्याच भागीदाराला समुद्रात लोटतो. समुद्र हा देखील व्यापाराचा भागीदारच आहे. श्रावकाच्या व्रतांत परिग्रहाला परिमाण सांगितले आहे. वालचंदजींनी दाखविलेली जिद्द आणि हे परिमाण, या दोहोंची सांगड घालूनच सागरी व्यापाराची नवी वही उघडली पाहिजे.